वाइसच्या रचना गिटारवर: तारा कशा लावाव्यात?

प्रश्न: मी शास्त्रीय गिटार वाजवतो. जर्मन संगीतकार सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस (१६८७–१७५०) यांच्या ल्यूट-रचनांसाठी (ल्यूट म्हणजे गिटारसारखे जुने युरोपीय तंतुवाद्य) तिसरी तार एफ शार्पला उतरवणे पुरेसे आहे का?

उत्तर: नाही. ती सोय त्याआधीच्या काळातल्या रेनेसान्स ल्यूटसाठी आहे. वाइसच्या काळातल्या बरोक ल्यूटच्या वरच्या सहा तारा एफ, डी, ए, एफ, डी, ए अशा डी मायनरमध्ये लागतात आणि त्यांखालचे खर्ज (जाड आवाजाच्या तारा) रचनेच्या स्वरश्रेणीनुसार बदलून लावले जातात. तारांच्या तेरा जोड्या असलेल्या ल्यूटवर हे खर्ज मोकळेच वाजतात, त्यामुळे डावा हात सुटा राहतो. गिटारवर मात्र ते एक सप्तक वर घ्यावे लागतात आणि सलग उतरत जाणारी चाल मध्येच तुटते. मला तरी हे फार खटकते.

उत्तर: सहमत. तरीही मूळ टॅब्लेचर (स्वरांऐवजी तार आणि बोटाची जागा दाखवणारे लेखन) थेट वाचायचे असल्यास डी मायनर लावून पाहा. ए=४१५ ही पट्टी (ए स्वर ४१५ हर्ट्झला, म्हणजे आजच्या ४४० पेक्षा सुमारे एक अर्धस्वर खाली) धरल्यास तिथला एफ म्हणजे आजचा ई, त्यामुळे पहिली तार आहे तशीच राहते. पाचवी आणि सहावी मात्र चार-चार अर्धस्वर चढवाव्या लागतात. नेहमीच्या तारांवर तो ताण कृपया देऊ नका, बारीक तारा घ्या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. खर्जासाठी दहा तारांच्या गिटारचा विचार करतो.