पुन्हा: यंदाचा गणपती नदीच्या अलीकडे की पलीकडे?

प्रेषक: चिटणीस
रविवार, १० ऑगस्ट २०२५

मंडळी, नमस्कार.

यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आहे. म्हणजे आपल्या इथल्या, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचे वर्ग सुरू होऊन तिसराच दिवस. घरचे गणपती ज्याच्या त्याच्या सोयीने बसतीलच, प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमाचा आहे. शनिवारी ३० तारखेला रॉस-एड स्टेडियमवर फुटबॉलचा पहिला सामना आणि पुढच्या शनिवारी, ऐन अनंत चतुर्दशीला, दुसरा. सामन्याच्या दिवशी कॅम्पसच्या बाजूला, वेस्ट लाफायेटमध्ये गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे काय, ते जुन्यांना सांगायला नको. म्हणून रविवार, ३१ ऑगस्ट धरला आहे.

जागा दोन बघितल्या. एक, कॅम्पसपासून चालत जाता येईल असं एका अपार्टमेंटचं क्लबहाउस. साठ माणसं मावतील, पार्किंग जवळजवळ नाही, आणि आत काहीही पेटवायचं नाही. निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही. दुसरी, वॉबाश नदी ओलांडून लाफायेटच्या पूर्व टोकाचा हॉल. दीडशे माणसं, मोठं स्वयंपाकघर, पार्किंग हवं तेवढं, आणि भाडं निम्मं.

कार्यकारिणीत मतं समसमान पडली आहेत. बुधवारपर्यंत कळवा.

ता.क. मंडळाचं पितळी ताम्हन गेल्या वर्षी कुणाच्या घरी गेलं?

——

प्रेषक: खजिनदार
रविवार, १० ऑगस्ट

लाफायेटचा हॉल. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? गेल्या दिवाळीला खुर्च्या कमी पडल्या तेव्हा लोक माझ्याकडेच बघत होते.

आणि उदबत्तीशिवाय गणपती म्हणजे पॉवरपॉइंट झालं.

ताम्हन माझ्याकडे नाही.

——

प्रेषक: एमएसचा विद्यार्थी, दुसरं वर्ष
सोमवार, ११ ऑगस्ट

नमस्कार. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं, कारण माझी वर्गणी अजून बाकी आहे. तरी लिहितो.

माझं जुनं लीज ३१ जुलैला संपलं. नवीन १६ ऑगस्टला सुरू होतं. मधले पंधरा दिवस माणसाने कुठे राहायचं, हे दोन्ही लीजमध्ये लिहिलेलं नाही. इथे पुढच्या ऑगस्टची खोली आदल्या ऑक्टोबरातच धरावी लागते, हे पहिल्या वर्षी आलेल्याला कोण सांगणार? मला जानेवारीत कळलं. तोपर्यंत कॅम्पसजवळ जे उरलं होतं त्याच्या भाड्यात माझा स्टायपेंडच संपला असता. म्हणून आता बसने अर्ध्या तासावर, चौघांत दोन खोल्या.

हा मेल काकूंच्या बेसमेंटमधून लिहितोय. आम्ही चार जण आहोत. चार जणांच्या आठ बॅगा, दोन सायकली, तीन राइस कुकर. काकू रोज विचारतात, "जेवलात का रे?" आणि आम्ही हो म्हटलं तरी वाढतात.

मुद्दा एवढाच की, गेल्या वर्षी कार्यक्रम पलीकडे होता तेव्हा जायला राइड मिळाली. येताना प्रसादाचा डबा हातात धरून "काका, तुम्ही कोणत्या बाजूला जाताय?" असं तीन जणांना विचारलं. सगळे चांगलं बोलले. एकांच्या गाडीत कार सीट होत्या, एक इंडियानापोलिसला निघाले होते. शेवटी सोडलं एका दादांनी. पण ते विचारणं फार अवघड जातं. रविवारी बस मोजक्या, रात्री तर विचारूच नका. आमच्या बॅचचे बरेच जण त्यानंतर दिवाळीला आलेच नाहीत.

माझं मत क्लबहाउसला. वर्गणी १५ तारखेला भरतो.

——

प्रेषक: लाफायेटची वहिनी
सोमवार, ११ ऑगस्ट

आधी एक दुरुस्ती. सगळे "पलीकडे, पलीकडे" लिहिताहेत. आमच्या दारातून पाहिलं तर तुम्ही पलीकडचे.

आम्हीही आधी वेस्ट साइडलाच भाड्याने होतो. घर घ्यायची वेळ आली तेव्हा त्याच पैशांत तिकडे दोन खोल्या आणि इकडे चार खोल्या, अंगण, शिवाय ह्यांची सुबारू मोटारींची फॅक्टरी जवळ. हौसेने नदी ओलांडली नाही. आता मंडळातली लहान मुलांची निम्मी घरं याच बाजूला आहेत. पाच वर्षांच्या पोराला घेऊन पार्किंग शोधत फिरायचं आणि मग सहा गल्ल्या चालायचं, हातात मोदकांचं पातेलं, हे एकदा करून बघा.

त्यात ३१ला माझ्याकडे गौरी येणार. दुसऱ्या दिवशी लेबर डे, म्हणजे गौरीजेवणाला सुट्टी आहे खरी, पण पुरण वाटणाऱ्या बाईला कसला लेबर डे! मला रात्री दहाच्या आत घरी यायचंय.

पण त्या मुलाचं पत्र वाचून वाईट वाटलं. (बाळा, कार सीटवाली गाडी आमचीच होती.) मग विचारायची वेळच कशाला आणायची? आधीच यादी लावू. कोणती गाडी, किती जागा, कुठून घेणार, आणि मुख्य म्हणजे परत कोण सोडणार. न्यायला सगळे तयार असतात, परतीच्या वेळी मुलं पेंगुळलेली असतात आणि जो तो आपापल्या घराकडे पळतो. परतीची नावं आधी, जातानाची नंतर.

——

प्रेषक: काका, वेस्ट लाफायेट
मंगळवार, १२ ऑगस्ट

मी १९८४ साली इथे आलो. तेव्हा आपण तीन घरं आणि पाच-सहा विद्यार्थी. हरभऱ्याची डाळ हवी तर शिकागोला, डेव्हन अव्हेन्यूवर, अडीच तास. त्यात २००६ पर्यंत आपल्या काउंटीत (जिल्ह्यात) बाकी देशासारखी घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे, हिवाळ्यात मागे करत नव्हते, त्यामुळे उन्हाळ्यात शिकागोची वेळ आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कची. दुकान उघडं असेल की नाही, याचा हिशेब दर वेळी नव्याने.

अलीकडे-पलीकडेचं भांडण आपण शोधलेलं नाही. आपलं गाव तेव्हा चॉन्सी. १८७१ साली चॉन्सीने लाफायेटला विनंती केली, आम्हाला तुमच्यात घ्या. त्यांनी नको म्हटलं. रस्ते, पाणी, सगळा खर्च त्यांच्या गळ्यात पडला असता. १८८८ मध्ये आपण नाव तेवढं त्यांचं घेतलं. वहिनी, राग मानू नका, पण सुरुवात तुमच्या बाजूने झाली.

गाव वाढलं वाढलं म्हणतात, त्यातही जरा गंमत आहे. २०१०च्या जनगणनेत वेस्ट लाफायेट तीस हजारांच्या आत होतं, २०२०ला चव्वेचाळीस हजारांच्या वर गेलं. पण मधल्या काळात नगरपालिकेने पर्ड्यूच्या कॅम्पसचा मोठा भाग हद्दीत घेतला. माणसं तीच, तिथेच झोपत होती, मोजली मात्र आता गेली. खरी वाढ विद्यापीठात आहे. २०१३ पासून फी गोठवलेली, त्यामुळे अर्जांचा पूर. २०२२ मध्ये विद्यार्थी ५०,००० च्या पुढे गेले. जॉन पर्ड्यूने १८६९ मध्ये दीड लाख डॉलर आणि जमीन दिली, त्याला कॅम्पसवरच पुरलंय. त्याच्या थडग्याभोवती आता इतकी गर्दी असते की त्यालाही रूममेट मिळायची वेळ आली आहे.

आणि आता एसके हायनिक्स ही कोरियन कंपनी. ३८७ कोटी डॉलरचा मेमरी चिपच्या पॅकेजिंगचा कारखाना. मेमध्ये जमिनीच्या झोनिंगवर, म्हणजे तिथे कारखान्याला परवानगी द्यायची का यावर, नगरपरिषदेत मतदान झालं, सहा विरुद्ध तीन. घराघरांत दोन तट होते, आमच्याही. हिचं म्हणणं, राहत्या घरांजवळ कारखाना कशाला. माझं म्हणणं, इथे शिकलेली पोरं नोकरीला ॲरिझोना-टेक्सासला जातात, त्यातली चार इथे राहिली तर काय वाईट? दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता.

पण मंडळासाठी यातलं महत्त्वाचं हे की, कारखान्यात येणाऱ्यांकडे गाड्या असतील, ते कुठेही पोचतील. विद्यार्थी कायम बिनगाडीचेच राहणार. मीही होतो. ८४च्या गणपतीला मला एका तेलुगू प्राध्यापकांनी आपणहून घरी नेलं आणि परत आणून सोडलं. म्हणून माझं मत क्लबहाउसला. उदबत्ती नसली तरी चालेल. मला तसाही खोकला आहे.

——

प्रेषक: चिटणीस
गुरुवार, १४ ऑगस्ट

मंडळी, क्लबहाउसला १९, लाफायेटच्या हॉलला २६. काकांनी दोनदा मत पाठवलं होतं, एकच धरलं आहे.

हॉल ठरला, पण वहिनींच्या अटीवर. सोबतच्या तक्त्यात परतीचा रकाना आधी आहे, तो भरल्याशिवाय जातानाचा उघडणार नाही. (तक्ता एका विद्यार्थ्यानेच बनवलाय. त्याने तो मुद्दाम असाच बनवलाय, असा मला संशय आहे.) स्टेट स्ट्रीटवरून साडेपाच आणि सहाला गाड्या निघतील. हॉलमधून पहिली फेरी साडेनऊला, त्यात गौरी असलेल्या घरांच्या गाड्या. काका शेवटच्या फेरीला थांबायला तयार आहेत.

सूर्यास्ताची वाट बघत बसलो तर सव्वाआठ होतील, म्हणून आरती साडेसातला उजेडातच. ज्यांना सगळ्या आरत्या पाठ आहेत त्यांनी कृपया पाचावर थांबावं.

आजवर परतीच्या ३१ जागा भरल्यात, हव्यात ४०. सात आसनी गाडीवाले गप्प बसलेत, मला गाड्या माहीत आहेत.

ताम्हन अजून नाही.

——

प्रेषक: काकू
शुक्रवार, १५ ऑगस्ट

ताम्हन माझ्या बेसमेंटमध्ये आहे. मुलांनी त्यात चार्जर आणि किल्ल्या ठेवल्या होत्या. चिंचेने घासून ठेवते.

उद्या चौघंही नव्या घरी जाताहेत. बॅगा जास्त आहेत, कुणाची व्हॅन असेल तर सकाळी दहाला या. पोहे करतेय. तीनपैकी एक राइस कुकर चौघांतल्या कुणाचाच नाही म्हणतात, ज्याचा असेल त्याने येऊन न्यावा.