रानातल्या कामात अंगावर काय बाळगावे: रिव्हॉल्वर, पिस्तूल की मिरचीचा फवारा?

धागाकर्ता:
ग्रिझली (उत्तर अमेरिकेतील तपकिरी) अस्वलांच्या मुलखात भूमापन किंवा खनिजशोध करणाऱ्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात आणि रायफल नेमकी दहा पावलांवर झाडाला टेकवलेली असते. म्हणून अंगावरून कधीही न उतरणारे लहान शस्त्र हवे, आणि माझी पसंती १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नम या जोरकस काडतुसाच्या रिव्हॉल्वरला आहे. त्याची जड, कठीण, ओतीव, बोथट तोंडाची गोळी खोलवर शिरते. पोकळ टोकाची गोळी फुलते आणि चरबी-स्नायूंतच अडकण्याची भीती राहते. शिवाय झटापटीत नळी जनावराच्या अंगात रुतली, तर पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकून गोळी सुटेनाशी होऊ शकते. रिव्हॉल्वरला ही भीती नाही.

प्रतिसाद १:
असहमत. .४४ चा धक्का खाल्ल्यावर नळी वर उडते आणि दुसरी गोळी नेमकी लागेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. १० मिलिमीटरच्या पिस्तुलात (हे काडतूस १९८३ चे, ग्लॉक २० या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १५ गोळ्या मावतात) ताकद कमी आहे हे मान्य, पण कठीण ओतीव गोळी त्यातही वापरता येते. आपण वर्षातून किती वेळा सराव करता, यावर खरे तर निवड ठरावी.

प्रतिसाद २:
दोघेही मूळ प्रश्न टाळत आहात. अलास्कातील घटनांच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन ९२ टक्के प्रसंगांत थांबवले, तर २०१२ च्या अभ्यासात हातातल्या लहान बंदुकांचे यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के आढळले. ताशी ५० किलोमीटरने धावणारे अस्वल २५ मीटर अंतर दोन सेकंदांच्या आत कापते. तेवढ्यात हलत्या डोक्यावर नेम धरण्यापेक्षा समोर फवाऱ्याचा ढग उभा करणे सोपे आहे.

धागाकर्ता:
हे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. फवाऱ्याच्या नोंदींत केवळ कुतूहलाने किंवा अन्नाच्या वासाने जवळ आलेली अस्वलेही मोजली आहेत. आणि वारा तोंडावर असेल तर? तो ढग आपल्याच डोळ्यांत येतो.

प्रतिसाद २:
वाऱ्याचा मुद्दा मान्य, म्हणून फवारा हवाच आणि शस्त्र त्याच्या जोडीला असावे. मात्र कंबरेच्या होल्स्टरवर (शस्त्राच्या म्यानावर) पाठपिशवीचा पट्टा येतो आणि मूठ त्याखाली दबते, हे मी घाईत बोटे अडकल्यावर शिकलो. तेव्हापासून छातीवर तिरपे होल्स्टर आणि डाव्या खांद्याच्या पट्ट्याला फवारा, अशी माझी मांडणी आहे.

प्रतिसाद १:
छातीवरच्या होल्स्टरबाबत दुमत नाही. पण तिथे लांब नळीचे .४४ दिवसभर वाकून काम करताना बरगड्यांना टोचते, आणि मग ते जेवणाच्या सुट्टीत काढून पिशवीत जाते.