मोटरहोमला स्वस्तातला ट्रॅकर पुरतो की नाही? नाशिककरांनो, बोला

गंगापूररोडकर

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं. वर्षातले बरेच महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या मोटरहोमला सात-आठ हजारांचा ट्रॅकर लागत नाही. दोन-अडीच हजारांचा पुरतो.

गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर. मागे दोन बेड, ओटा, छोटा फ्रिज, टपावर सोलर पॅनेल. सोसायटीत एवढं धूड उभं करू देत नाहीत, म्हणून पाथर्डी फाट्याच्या पुढे मित्राच्या प्लॉटवर लावतो. कंपाउंड आहे, वॉचमन नाही. पावसाळा सरला की भंडारदरा, सापुतारा, कधी कोकण. एरवी ती तिथेच.

एका दुकानात एआयएस-१४० (ट्रॅकरचं सरकारी मानक) वाला दाखवला. म्हणे सरकारमान्य आहे, हाच घ्या. दुसऱ्याकडे साधा वायरचा, बावीसशेला, पहिल्या वर्षाचं सिम धरून. नकाशावर ठिपका दोन्ही तोच दाखवतात, मग जास्तीचे पैसे कशाचे? पटत नसेल तर कारणासकट सांगा. 'स्वस्त ते स्वस्तच' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

आडगाव_नाका

साहेब, दोन्ही घेऊ नका. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरी झाल्याची बातमी देतो. आमच्या लाइनीत ट्रकला ट्रॅकर असतात ते ड्रायव्हर कुठे थांबला, डिझेल कुठे गेलं हे बघायला. सराईत माणूस आधी डॅशबोर्डखाली हात घालतो, वायर ओढतो, विषय संपला. ते पैसे लोखंडात घाला: चाकाला क्लॅम्प, गिअर लॉक आणि सीटखाली एक लपवलेला स्विच, जो दाबल्याशिवाय सेल्फ (स्टार्टर) लागतच नाही. याला महिन्याचं रिचार्ज नाही की ॲप नाही.

गंगापूररोडकर

@आडगाव_नाका क्लॅम्प कटरने कापतात. मोकळ्या प्लॉटवर रात्री ग्राइंडर चालवला तर ऐकायला कोण आहे? आणि गाडी टो करून नेली तर तुमचा स्विच काय करणार?

आडगाव_नाका

कापायला वेळ लागतो ना, तेवढाच हवा असतो. चोराला शेजारची बिनकुलपाची गाडी सोपी वाटली म्हणजे आपलं काम झालं.

इंदिरानगरची_ताई

तुम्ही दोघं अख्खी गाडी चोरीला जाण्यावर भांडताय. मोटरहोम कोण नेतंय हो? एवढी ओळखू येणारी गाडी विकायची कुठे? उभ्या गाडीतून जातात त्या बॅटऱ्या, इन्व्हर्टर, सोलर पॅनेल, गॅसची टाकी. यातलं काहीही गेलं तरी गाडी जागची हलत नाही, आणि दादांचा नकाशावरचा ठिपका पाथर्डी फाट्यालाच शांत बसून राहतो.

आमच्याकडे लहान कॅम्पर आहे. ट्रॅकर निवडताना मी एवढंच पाहिलं की वायर तोडली की तो लगेच बोंब मारतो का. त्यासाठी आत स्वतःची छोटी बॅटरी लागते. बावीसशेवाल्यात ती आहे का ते विचारा. बऱ्याच स्वस्त यंत्रांत नसते, आणि असली तरी तासाभरात मान टाकते.

सातपूर_वायरिंग

ताईंचा मुद्दा सोळा आणे खरा. मी गाड्यांचं वायरिंग करतो, म्हणून किमतीचा वाद बाजूला ठेवून विजेचं सांगतो. उभ्या गाडीत खरा घोळ तिथे होतो.

वायरचा ट्रॅकर जागा असताना साधारण ४० मिलिअँपिअर खातो असं धरा. दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास, महिन्याला २९. गाडीची बॅटरी ७० ची असेल तर दोन-अडीच महिन्यांत खडखडाट, आणि त्याच्या बऱ्याच आधी सेल्फ कुरकुरायला लागतो. लेड-ॲसिड बॅटरी अशी उतरलेली पडून राहिली की पुन्हा पूर्ण भरत नाही. म्हणजे बावीसशेच्या ट्रॅकरपायी बॅटरी जायची. चांगलं यंत्र गाडी उभी असताना झोपतं आणि ५-१० मिलिअँपिअरवर येतं. पाकिटावर 'स्लीप मोड' सगळेच छापतात. खरं काय ते मीटर लावल्यावर कळतं.

तुमच्याकडे सोलर आहे, पण ते मागच्या घरगुती बॅटरीला चार्ज करतं, इंजिनच्या नाही. म्हणून ट्रॅकरची लाइन मागच्या बॅटरीवरून घ्या. पावसाळ्यातसुद्धा एवढं पॅनेल ट्रॅकरपुरतं देतं. फ्यूज १ अँपिअरचा. आणि लाइन मेन कटऑफ स्विचच्या अलीकडून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने काढा, नाहीतर घरी जाताना तुम्ही स्विच बंद कराल आणि ट्रॅकरही बंद होईल. शिवाय कोणी मागची बॅटरी उचलली की सप्लाय तुटतो आणि तुमच्या फोनवर खबर येते. ताईंना हवं होतं तेच झालं की नाही?

ओबीडीत (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा ट्रॅकर मात्र अजिबात नको. स्टिअरिंगखाली हात घातला की निघतो. आडगाववाले म्हणतात तो चोर असल्याच यंत्रावर पोट भरतो.

कॉलेजरोड_टेक

एवढी वायरिंगची यातायात कशाला? ॲपलचा छोटा टॅग, एअरटॅग, मिळतो. बटणाएवढी बॅटरी वर्षभर चालते, रिचार्ज नाही, गादीच्या फोममध्ये लपवा. माझ्याकडे आहे, मस्त चालतो.

इंदिरानगरची_ताई

@कॉलेजरोड_टेक तुमच्याकडे चालतो कारण तुम्ही कॉलेज रोडवर राहता. त्याला स्वतःचं जीपीएसही नाही आणि सिमही नाही. जवळून ॲपलचा फोन गेला तर तो आपल्या नकळत त्याची जागा कळवतो, एवढंच. कॉलेज रोडला असे फोन पावलोपावली, पण सुरगाण्याच्या किंवा हरसूलच्या रस्त्यावर किती? आणि चोराच्या खिशात स्मार्टफोन असेल तर 'अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरतोय' असा इशारा त्यालाच मिळतो. कोणी कोणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून कंपनीनेच ती सोय केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण गाडीच्या रखवालीला ती आड येते.

कॉलेजरोड_टेक

दुसरा म्हणून तरी ठेवा की. वायरचा सापडला की चोर शोध थांबवतो. आणि गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर आली की फोनच फोन.

पंचवटी_४०

रेंजवर कोणी बोललं नाही. बावीसशेवाला बहुतेक टूजी असणार. जिओचं टूजी मुळातच नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम घालून उपयोग शून्य. एअरटेल किंवा व्हीआय चालेल. आज टूजी चालतंय, पण पाच-सहा वर्षं वापरायची वस्तू त्या भरवशावर घेऊ नका. फोरजी असून गरज पडली की टूजीवर उतरणारा घ्या, हजारभर जास्त जातील.

रेंज गेली की ट्रॅकर वाया जातो, ही भीती लोक उगाच घालतात. कसारा घाटात किंवा पेठच्या पुढे सिग्नल तुटला तरी जीपीएस उपग्रहावरून जागा घेतच असतं. बरं यंत्र त्या नोंदी साठवतं आणि टॉवर भेटला की एकदम पाठवतं. फक्त लोखंडी पत्र्याखाली बसवू नका. प्लायवुडच्या कपाटामागे चालतं.

आणि खर्च तीन वर्षांचा मांडा. बावीसशे ही पहिल्या दिवसाची किंमत. दुसऱ्या वर्षापासून सिम आणि सर्व्हरचे वर्षाला हजार-बाराशे धरले तर तीन वर्षांत साडेचार हजारांच्या आसपास जाता. सिम तेरा आकडी नंबरचं, यंत्राबरोबरच येणारं असेल तर विकणारा गाशा गुंडाळून गेला की हातात डबा उरतो. आपलं सिम घालता येतं का आणि सर्व्हरचा पत्ता बदलता येतो का, हे दुकानात विचारा. दुकानदार गोंधळला तर तेही उत्तरच.

गंगापूररोडकर

हिशोब पटला, फोरजीचा मुद्दाही. पण इंजिन बंद करणाऱ्या रिलेचं (ट्रॅकरने चालणाऱ्या स्विचचं) काय? ॲपवरून बटण दाबलं की गाडी जागेवर थांबते. बावीसशेवाल्यात ती सोय आहे आणि मला तीच सगळ्यात भारी वाटली होती.

सातपूर_वायरिंग

अहो, तीच सगळ्यात घातक! चालत्या गाडीचं इंधन तोडलं की इंजिनाबरोबर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत जाते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. कसारा घाटात उतारावर अडीच-तीन टनांची गाडी अशी झाली तर चोर मरेलच, समोरचा रिक्षावालाही मरेल. स्वस्त रिले उन्हाने आणि हादऱ्यांनी आपोआपही तुटतात. तेव्हा गाडीत चोर नसतो, तुमची पोरंबाळं असतात.

पंचवटी_४०

यात भर घालतो. २०२२ च्या जुलैत अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस एमव्ही७२० नावाच्या, साधारण वीस डॉलरच्या ट्रॅकरबद्दल इशारा दिला होता. त्याच्या सर्व्हरला एक कायमचा मास्टर पासवर्ड चालत होता. वापरणाऱ्यांना दिलेला सुरुवातीचा पासवर्ड १२३४५६. म्हणजे भलताच माणूस गाडी कुठे आहे ते बघू शकत होता आणि इंधन तोडायचा हुकूमही देऊ शकत होता. विनानावाचं यंत्र आणि त्याला इंधनाचा रिले, ही जोडी गाडीत नको. निदान पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आडगाव_नाका

घ्या! माझ्या लपवलेल्या स्विचला पासवर्डच नाही.

सातपूर_वायरिंग

@आडगाव_नाका तुमचाच स्विच ट्रॅकरला जोडू की. रिले इंधनावर न बसवता सेल्फच्या लाइनीवर बसवायचा. चालती गाडी चालतच राहते, पण एकदा बंद झाली की पुन्हा सुरू होत नाही. डिझेल भरायला किंवा चहाला थांबला की अडकला.

मालेगाव_हायवे

सगळं खरं भो, पण रात्री दोनला अलर्ट आला तर तो कळणार कसा? स्वस्त ॲपचं नोटिफिकेशन फोनचा बॅटरी सेव्हर गिळून टाकतो, सकाळी उठल्यावर दिसतं. फोन कॉल करणारा ट्रॅकर बघा, निदान एसएमएस. आणि कळल्यावर एकटे गाडी काढून मागे पळू नका. ११२ लावा आणि लाइव्ह लोकेशनची लिंक पोलिसांना द्या. फास्टॅगच्या मेसेजवरही नजर ठेवा. चोराने तो काढला नसेल तर पिंपळगाव की घोटी, कुठल्या टोलला पैसे कापले त्यावरून दिशा कळते.

विमा_सिडको

दोन गैरसमज खोडतो. एक, ट्रॅकर लावला की प्रीमियम खूप उतरतो असं दुकानदार सांगतात. सवलत एआरएआय (वाहनं तपासणारी संस्था) प्रमाणित चोरीविरोधी यंत्राला आहे, तीही ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या अडीच टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये. दुसरा, एआयएस-१४० सगळ्यांना सक्तीचा आहे हा. तो प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी, पॅनिक बटणासकट. खासगी नोंदणीच्या मोटरहोमला नाही. सिंहस्थात भाविकांना भाड्याने द्यायची असेल तर परवान्यापासून सगळंच बदलतं, तेव्हा आधी पेठ रोडला आरटीओत विचारा.

आणि बेड-ओटा बसवल्याची नोंद आरसी बुकात आहे ना? ती नसेल तर चोरीचा क्लेम अडू शकतो. दोन्ही किल्ल्याही मागतात. ट्रॅकरपेक्षा आधी हे बघा.

गंगापूररोडकर

आरसीत नोंद आहे, दोन्ही किल्ल्या घरात आहेत. भाड्याने द्यायची नाही, त्यामुळे एआयएस-१४० बाद. बावीसशेवालाही बाद, पण तो टूजी आहे आणि आत बॅटरी नाही म्हणून. किंमत कमी म्हणून नव्हे, त्या मतावर मी ठाम आहे. आता नजर साडेतीन हजारांच्या आसपासच्या फोरजीवर: आत बॅटरी, कॉलवर अलर्ट, लाइन मागच्या बॅटरीवरून, रिले सेल्फला. सात-आठ हजारांची गरज कोणीच सिद्ध केली नाही.

आडगाव_नाका

आणि क्लॅम्प?

गंगापूररोडकर

घेतो हो, घेतो. पुढच्या चाकाला.

इंदिरानगरची_ताई

पॅनेलचे नट पण बदला, दादा. साध्या पान्याने न खुलणारे मिळतात. त्यांना ॲप लागत नाही.

सातपूर_वायरिंग

बसवायच्या आधी यंत्र माझ्याकडे आणा. झोपल्यावर १० च्या वर मिलिअँपिअर दिसले तर पाकिटासकट दुकानात परत करू. बिल जपून ठेवा.