श्रीलंका : एल्लाची गर्दी चुकवून

“एल्लाच्या नऊ कमानींच्या पुलावर फोटोला रांग, त्यापेक्षा आपली पचमढी बरी” हे दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेला जायच्या बेतावर एका ताईंचं म्हणणं मला निम्मंच पटलं. गर्दी एल्ला या एका डोंगरी गावाला आहे, सगळ्या डोंगराला नाही. त्याच रेल्वेमार्गावर हपुतलेला उतरा. दांबतेन्नच्या जुन्या चहा कारखान्यावरून मळ्यांतून वर चढत गेलं की लिप्टन्स सीट, म्हणजे दरी बघायची उंचावरची जागा. हो, चहावाला लिप्टनच. पहाटेच पोचा, उशीर केलात तर ढग वर येतात आणि समोर नुसतं पांढरं.

पण माझं मत दियालुमाला. कोसलंदाजवळचा हा धबधबा 220 मीटरचा. बहुतेक लोक रस्त्यावरून मान वर करून बघतात नि पुढे निघतात. खरी मजा माथ्यावर: गवताळ उतारावरून गेलं की एकाखाली एक डोह, पाणी थंडगार, आणि शेवटच्या डोहाची कड संपते तिथे थेट दरी. पाऊस असेल तर मात्र पाण्यात उतरू नका. 2011 मध्ये इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला लोंढा कसा आला, ते इंदूरकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीचा बेत मला पटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे भरपूर पाऊस असतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण मुलांच्या परीक्षा! हाताशी जास्त दिवस असतील तर जाफन्याहून डेल्फ्ट बेटावर जा: प्रवाळाच्या दगडांची कुंपणं आणि मोकाट फिरणारे घोडे. बोटीची परतीची वेळ आधी विचारून ठेवा.