जुना ट्रॅव्हल ट्रेलर ओढण्यासाठी कोणता पिकअप ट्रक घ्यावा?

नमस्कार.

गेल्या वर्षी आम्ही १९६० च्या दशकातला एक २२ फुटी एअरस्ट्रीम कंपनीचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, घेतला. बाहेरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बऱ्यापैकी शाबूत होता, पण मागच्या टोकाची लाकडी जमीन पाणी मुरून कुजली होती. ती काढून नवे प्लायवूड घातले, विजेच्या सगळ्या तारा बदलल्या, छतावर एसी बसवला आणि दोन बॅटऱ्या वाढवल्या. या कामात आमचे वर्ष गेले. आता ट्रेलर रस्त्यावर काढायची वेळ आली आहे आणि तो ओढायला आमच्याकडे गाडी नाही.

आम्ही दोघे आणि दोन मोठी मुले असे चौघे प्रवास करणार आहोत, आणि त्यातला बराचसा प्रवास डोंगराळ भागातला असेल. एका विक्रेत्याने हाफ-टन (पिकअपमधला हलका वर्ग) ट्रक दाखवला आणि "हा ११,००० पौंड ओढतो, तुमचा ट्रेलर त्याच्या निम्माही नाही, डोळे झाकून घ्या" असे सांगितले. दुसरीकडे, ट्रेलरचा अनुभव असलेले एक परिचित म्हणतात की थ्री-क्वार्टर टनापेक्षा (त्याच्या वरचा, जास्त भार पेलणारा वर्ग) कमी घेऊच नका. ट्रेलरच्या जुन्या माहितीपत्रकात वजन ३,५०० पौंड दिले आहे. हाफ-टन पुरेल का, पेट्रोल घ्यावे की डिझेल, आणि मागच्या स्प्रिंगमुळे काही फरक पडतो का, यावर अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सर्वप्रथम माहितीपत्रकातला ३,५०० हा आकडा बाजूला ठेवा. ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या ट्रेलरचे वजन आहे. त्यानंतर त्यात एसी आला, बॅटऱ्या आल्या, नवे प्लायवूड आले, आणि प्रवासाला निघताना भांडीकुंडी, अंथरुणे, गॅसच्या टाक्या आणि पाणी येणार. पाण्याचा एक गॅलन सव्वाआठ पौंडांहून अधिक भरतो, म्हणजे २० गॅलनची टाकी भरली की दीडशेहून अधिक पौंड तिथेच वाढले. कोणाचा तरी ट्रक मागून घ्या, ट्रेलर प्रवासाला निघतानासारखा भरा आणि मालवाहू ट्रक जिथे वजन करतात त्या काट्यावर न्या. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा नुसत्या ट्रकचे, असे दोनदा वजन केले की ट्रेलरचे खरे वजन तर कळतेच, शिवाय ट्रेलर जोडल्यावर ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर मिळून जितके वजन वाढले तितका हिचवरचा (ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचा) भार आहे, हेही कळते. मात्र हे वजन करताना वजन विभागणाऱ्या हिचचे बार (हा भार इतर चाकांवरही पसरवणारे दांडे) ताणलेले नसावेत.

हा हिचवरचा भारच तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी असला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो. हा भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर जितके वजन वाहू शकतो त्यातून, वजा होतो आणि ११,००० पौंडांच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळी-पांढरी पट्टी असते. माणसे आणि सामान मिळून किती वजनाच्या पुढे जाऊ नये, हे त्या विशिष्ट गाडीपुरते तिच्यावर छापलेले असते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या पट्ट्यांवर कित्येकशे पौंडांचा फरक निघू शकतो, कारण काचेचे छत, मोठी चाके, फोर-व्हील ड्राइव्ह, विजेवर उघडणाऱ्या पायऱ्या या सगळ्यांचे वजन त्यातूनच जाते.

तुमचा हिशेब अंदाजाने मांडून पाहू. भरलेला ट्रेलर ४,८०० पौंड धरला तर हिचवर सुमारे ६०० येतील. वजन विभागणारी हिच स्वतःच १०० पौंडांच्या आसपास असते. चार माणसांचे ६०० आणि ट्रकच्या हौद्यातल्या सामानाचे ३०० धरले की बेरीज १,६०० होते. महागड्या सजावटीच्या कित्येक हाफ-टन ट्रकांच्या पट्टीवर १,३०० किंवा १,४०० एवढाच आकडा असतो. म्हणजे ११,००० पौंड ओढण्याची ताकद असलेला ट्रक त्याच्या निम्म्याहून कमी वजनाच्या तुमच्या ट्रेलरखाली पेलोडच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि विक्रेत्याने सांगितलेले वाक्य अक्षरशः खरे असूनही तुमच्या उपयोगाचे राहत नाही. साध्या सजावटीच्या त्याच ट्रकची पट्टी १,८०० च्या पुढे गेलेली मी पाहिली आहे. म्हणून गाडी पसंत करण्याआधी दार उघडून पट्टीचा फोटो घ्या, आणि मागे बंपरखालच्या हिच रिसीव्हरवरची (हिच ज्यात बसते त्या नळीवरची) पट्टीही वाचा. वजन विभागणारी हिच नसेल तर अनेक ट्रकांच्या रिसीव्हरला हिचवर फक्त ५०० पौंडांची परवानगी असते.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, हेही सांगायला हवे. एसएई जे२८०७ या ओढण्याची क्षमता ठरवण्याच्या मानकाप्रमाणे तो काढताना अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा सुमारे ११ मैलांचा चढ उन्हाच्या तडाख्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ताशी ४० मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. मात्र त्या चाचणीत गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. तुम्ही चौघे आहात.

स्प्रिंगविषयीचा तुमचा प्रश्न जुन्या ट्रेलरच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. एअरस्ट्रीमचा सांगाडा आणि पत्रा रिव्हेटने एकत्र बांधलेला असतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवरून हिचमार्गे त्या रिव्हेटपर्यंत पोहोचतो. हाफ-टन ट्रकांपैकी रॅम १५०० ला २००९ पासून आणि टुंड्राला २०२२ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत. एफ-१५० आणि सिल्व्हरॅडो १५०० ला पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आहेत, पण हाफ-टनाचे पाटेही थ्री-क्वार्टर टनाच्या मानाने बरेच मऊ असतात. यांपैकी कोणताही चालेल, फक्त व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) लांब असलेला घ्या. आखूड ट्रकला मागून ट्रेलर सहज ढकलतो. वजन विभागणाऱ्या हिचचे बारही तुमच्या मोजलेल्या भाराच्या जवळपासच्याच क्षमतेचे घ्या. "जास्त क्षमतेचे असले की बरे" असे समजून घेतलेले जाड बार जुन्या चॅसीला वाकवू पाहतात.

प्रतिसाद २

वरचा हिशेब बरोबर आहे, पण थ्री-क्वार्टर टनाला एकदम बाद करू नये असे मला वाटते. मी सहा वर्षे डिझेलचा थ्री-क्वार्टर टन ट्रक एका जुन्या २६ फुटी ट्रेलरसाठी वापरला. पहिल्याच लांबच्या प्रवासानंतर ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, खिडकीच्या खालच्या ओळीत सात रिव्हेट तुटलेले दिसले. बोट फिरवले तर डोकी हातात येत होती. त्यावेळी ट्रकचा हौदा रिकामा होता आणि हिचचे बार गरजेपेक्षा जाड होते. पुढे बार हलके घेतले आणि मागच्या टायरमधली हवा पूर्ण क्षमतेच्या भाराऐवजी प्रत्यक्ष भाराला पुरेल इतकी, टायर उत्पादकाचा भार आणि हवेचा तक्ता पाहून ठेवली. त्यानंतर एकही रिव्हेट गेला नाही.

त्या ट्रकचा खरा फायदा उतारावर होतो. लांब घाटात एग्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा) लावला की पायाच्या ब्रेकला क्वचितच हात लावावा लागतो, आणि उंचीवर टर्बो इंजिनाची ताकद फारशी कमी होत नाही, जी साध्या पेट्रोल इंजिनाची दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के कमी होते. टर्बो पेट्रोल इंजिनानेही उंचीची अडचण बरीचशी सुटते. पाच हजार पौंडांच्या आतल्या ट्रेलरसाठी मात्र मी आज डिझेल घेणार नाही, कारण ते इंजिनच इतके जड असते की थ्री-क्वार्टर टनाचा पेलोडही त्यात बराच संपतो.

ट्रक कोणताही घ्या, ब्रेक कंट्रोलर चांगल्या प्रतीचा, गाडी किती जोरात थांबते आहे ते ओळखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा घ्या. ट्रेलर डोलू लागला तर पायाचा ब्रेक दाबू नका. कंट्रोलरची हातातली कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा आणि स्टिअरिंग सरळ धरा. ही गोष्ट मोकळ्या मैदानात चार वेळा करून हाताला सवय लावा. कपलर (ट्रेलरच्या टोकाची वाटी) आणि ती ज्यावर बसते त्या हिचवरच्या बॉलचे माप एकच आहे याचीही खात्री करा, कारण सव्वादोन इंचांहून थोड्या मोठ्या बॉलसाठीचे कपलर दोन इंची बॉलवर बसल्यासारखे वाटते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटते.

आणि ट्रेलरचे अ‍ॅक्सल कोणी पाहिले आहे का? त्या काळच्या एअरस्ट्रीममध्ये रबराच्या टॉर्शनचे (रबर पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे) अ‍ॅक्सल असते. रबर वयाने कडक झाले की स्प्रिंगचे कामच करत नाही, मग ट्रक कितीही मऊ असला तरी उपयोग नाही. चाकाकडे जाणारा लोखंडी हात ट्रेलर जमिनीवर उभा असताना खाली झुकलेला असला पाहिजे. आडवा किंवा वर गेलेला असेल तर अ‍ॅक्सल संपले असे समजावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. शनिवारी मित्राच्या ट्रकने ट्रेलर काट्यावर नेला. पाण्याची टाकी अर्धी भरलेली असताना ट्रेलर ४,९४० पौंड आणि हिचवरचा भार ६३० पौंड भरला. विक्रेत्याने दाखवलेल्या ट्रकच्या दारावरची पट्टी पाहिली तर तिच्यावर १,४१० लिहिले होते, त्यामुळे तो ट्रक आम्ही सोडून दिला. आता कापडी आसनांचा, साधी चाके असलेला, किमान १,८०० ची पट्टी आणि टर्बो पेट्रोल इंजिन असलेला हाफ-टन शोधत आहोत.

घरी आल्यावर ट्रेलरखाली आडवी होऊन टॉर्चने चाकांमागचे हात पाहिले. डाव्या बाजूचा जवळजवळ आडवा आहे आणि उजव्या बाजूचा किंचित वर गेला आहे. टायरच्या आतल्या कडेवरचे उत्पादनाची वेळ सांगणारे चार आकडेही वाचले. ते टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. तेव्हा ट्रकच्या आधी नवे अ‍ॅक्सल, त्यासोबत नवे विजेचे ब्रेक आणि नवे टायर, असा क्रम आम्ही ठरवला आहे. नवे अ‍ॅक्सल मागवताना त्याची क्षमता आज मोजलेल्या वजनाइतकीच सांगावी की थोडी वाढवून, एवढे कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

थोडीच वाढवून सांगा. ट्रेलर भरलेला असताना अ‍ॅक्सलवर प्रत्यक्ष येणारे वजन तुमच्या मोजणीप्रमाणे सुमारे ४,३०० पौंड आहे. पूर्ण भरलेली टाकी आणि पुढे वाढणारे सामान धरून ५,००० च्या आसपासचे अ‍ॅक्सल पुरेल. त्याहून बरेच मोठे घेतले तर रबर इतके ताठ मिळेल की जुन्या अ‍ॅक्सलसारखेच धक्के पुन्हा पत्र्याला बसतील.