लॅपटॉपचं डी बटण आणि गाडीच्या चावीचं लॉक, दोन्ही घरी दुरुस्त होतील का? (नाशिक)

पंचवटी_टायपिंग

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक प्रश्न आहे, समजून घ्या. मी घरून मराठी टायपिंगची कामं घेते, अर्ज, करारनामे, शाळेच्या प्रश्नपत्रिका वगैरे आणि सगळं इनस्क्रिप्टवर (मराठी कीबोर्डची मांडणी). गेल्या आठवड्यापासून लॅपटॉपचं डी बटण लागत नाहीये. इनस्क्रिप्टमधे डीवर हलन्त असतो, म्हणजे पाय मोडायचं बटणच गेलं की हो, जोडाक्षरं उमटेनात. 'वर्ग' लिहावा तर 'वरग' होतो, 'प्रश्न' लिहावा तर 'परशन'. दर शब्दाला कुठूनतरी हलन्त चिकटवून आणायचा म्हणजे एका पानाला तास जातो. वरच्या डाव्या कोपऱ्यात जोरात दाबलं तर चारदा दाबून एकदा लागतं. पाणी चहा काही सांडलेलं नाही, पण टेबलावर बसून खारी खाल्लीये बऱ्याचदा, ते खरं सांगते. दुकानात दाखवलं तर अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल म्हणाले, उघडूनही बघितलं नाही.

आणि याच आठवड्यात गाडीच्या चावीचंही तेच. तीन बटणांची चावी आहे, अनलॉक अगदी हलक्या हाताने लागतं पण लॉकचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. सेल नवीन टाकला, काही फरक नाही. शेजारचे म्हणतात आत पेन्सिल घासा, दोन्हीला तोच उपाय. खरंच होतं का तसं? मुलगा डिप्लोमाला आहे म्हणून घरात मल्टीमीटर आहे, बारीक स्क्रू ड्रायव्हर आहे, चिमटा आहे. सोल्डरिंग मात्र कोणालाच येत नाही. पैसे वाचवण्यापेक्षा काम अडलंय याचंच जास्त वाटतंय.

अंबड_पॅनल

ताई, मी अंबडला सर्किट बोर्डाच्या कामातच आहे, चावीचं सांगतो, लॅपटॉपचं दुसरं कोणीतरी नीट सांगेल.

पहिली गोष्ट, अनलॉक हलक्या हाताने लागतंय ना, मग सेल आणि आतला ट्रान्समीटर दोन्ही ठणठणीत आहेत कारण ते तिन्ही बटणांना एकच असतात. बिघाड फक्त लॉकच्या बटणाखाली आहे. म्हणून सेल बदलून फरक पडला नाही.

आता चावी कानाजवळ धरा आणि लॉक दाबा. 'टिक' असा बारीक आवाज येतो का? येत असेल तर आत छोटा टॅक्ट स्विच आहे, बाहेरचं रबर फक्त त्याला दाबतं. आवाज नसेल, नुसतं मऊ लागत असेल, तर टीव्हीच्या रिमोटसारखं काम आहे, म्हणजे रबराच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते आणि ती बोर्डावरच्या दोन पट्ट्यांना टेकली की बटण लागतं. शेजारी म्हणतात ती पेन्सिल या दुसऱ्या प्रकारालाच लागू पडते, पहिल्यात घासायला जागाच नाही. गाडीच्या चाव्यांमधे बहुतेक करून टॅक्ट स्विचच असतो.

उघडताना स्क्रू ड्रायव्हरने ओरबाडू नका, जुनं प्लास्टिकचं कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवा. सेल आधी काढा. दोन कारणं आहेत. एक म्हणजे शॉर्ट होत नाही, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक दाबण्याला चावी नवा कोड पाठवते, गाडीपासून लांब बसून शेकडो वेळा दाबत राहिलं तर चावीचा हिशोब गाडीच्या पुढे निघून जातो आणि मग गाडी चावीला ओळखतच नाही. सेल काढल्याने मात्र बहुतेक चाव्यांची ओळख पुसली जात नाही, ती भीती नको.

मग स्विच खरंच गेलाय का ते बघायची युक्ती. मल्टीमीटर बझरवर ठेवा. स्विचला चार पाय असतील तर दोन दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात, त्यामुळे शेजारच्या दोन पायांना लावलं तर न दाबताही बीप येईल आणि माणूस फसतो. म्हणून नेहमी तिरपे, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यातले पाय धरा. दाबल्यावर लगेच बीप आली पाहिजे आणि सोडल्यावर थांबली पाहिजे. अनलॉकचा स्विच आधी मोजा म्हणजे चांगला कसा वाजतो ते कळेल, मग लॉकचा मोजा.

लॉकचा अडखळत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब स्विचच्या कडेला सोडा, चाळीस पन्नास वेळा दाबा, अर्धा तास वाळू द्या. आत पत्र्याची छोटी वाटी असते, तिच्यावरची घाण सुटते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं ते चिकट राहतं, आणि पेट्रोल तर अजिबात नको.

काठेगल्ली_जुनारिमोट

पॅनलभाऊंनी सांगितलं त्यात भर घालतो. माझ्या जुन्या गाडीचा रिमोट कार्बनच्या टिकलीवालाच होता आणि मी सहा बीची पेन्सिल घासून बघितलीये. लागते, पण माझ्याकडे तीन आठवडे टिकली. पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर माती असते, थर पातळ बसतो आणि दाबून दाबून निघून जातो. नंतर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिकटवला, तोही दोनतीन महिन्यांत सुटला कारण फेविक्विक सिलिकॉनच्या रबराला नीट धरतच नाही.

टिकलं ते वेगळंच. घरात बंद पडलेला टीव्हीचा रिमोट होता, त्यातलं कधीच न वापरलेलं बटण निवडलं, ब्लेडने त्याची काळी टिकली थोड्या रबरासकट पातळ कापून काढली, आणि बाथरूमच्या फटी भरायला सिलिकॉन मिळतं ना ट्यूबमधलं, त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावून चावीच्या बटणाला चिकटवली. चोवीस तास हात लावला नाही. दोन वर्षं झाली, चालतंय. टिकली मोजायची असेल तर मल्टीमीटरची दोन्ही टोकं तिच्यावर जवळजवळ टेकवा, चांगलीचा रेझिस्टन्स साधारण काहीशे ओहमच्या आत दिसतो, झिजलेलीचा काही हजारांत जातो. बोर्डावरच्या पट्ट्या पण मऊ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, कचकन घासू नका, वरचा थर उडतो.

कॉलेजरोड_रिपेअर

ताई, लॅपटॉप रिपेअर हेच माझं काम आहे गेली बरीच वर्षं. कीबोर्डला पेन्सिल लावू नका, शेजाऱ्यांना राग न येता सांगा. लॅपटॉपच्या कीबोर्डात कार्बनची टिकली नसते बहुतेक. प्लास्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक असतात, वरच्या आणि खालच्यावर चांदीच्या शाईच्या रेषा, मधल्याला फक्त भोकं. की दाबली की रबराची घुमटी वरचा कागद भोकातून खालच्याला टेकवते. ते तिन्ही थर कडेने बंद असतात, म्हणून चहा आत गेला की बाहेरून पुसून काही होत नाही, रेषा आतून कुजतात.

तुमच्या केसमधे चहा नाही, एकच की आहे, आणि कोपऱ्यात दाबली की लागते. ही तिन्ही लक्षणं चांगली आहेत. एकाच वेळी चारपाच कीज गेल्या असत्या, तेही कीबोर्डवर एकमेकींपासून लांब लांबच्या, तर मी म्हटलं असतं रेषा तुटलीये किंवा खालची रिबन सैल झालीये. कारण प्रत्येक कीला वेगळी वायर नसते, आडव्या उभ्या ओळींची जाळी असते, एक ओळ गेली की तिच्यावरच्या सगळ्या जातात.

आधी बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून डी दाबा. तिथेही लागत नसेल तर भानगड विंडोजमधे आहे. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली तर फिल्टर कीज चालू होतात आणि पटकन दाबलेल्या कीज लागेनाशा होतात, पण मग सगळ्याच, एकटी डी नाही, त्यामुळे मला तुमच्याकडे ते वाटत नाही.

मग लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढा. डीची टोपी काढायची. कुठल्या बाजूने उचलायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ आधी बघाच, कारण खाली कात्रीसारख्या एकमेकांत अडकवलेल्या दोन पांढऱ्या चौकटी असतात आणि त्यांचे कान केसाएवढे बारीक असतात. कान मोडला की ती की कायम डुगडुगते. नखाने किंवा प्लास्टिकने उचला, लोखंड नको.

टोपी निघाली की खारीचे कण दिसतीलच, ब्रशने काढा. आता चौकट न हलवता लॅपटॉप चालू करा आणि उघड्या रबरी घुमटीवर पेनाच्या मागच्या गोल टोकाने सरळ दाबा. इथे डी उमटली तर खालचं सगळं चांगलं आहे, दोष टोपीत किंवा चौकटीत. नाही उमटली तर खालच्या कागदात दोष, मग मात्र दुकानवाले म्हणाले ते बरोबर, कीबोर्ड बदलायचा. तोपर्यंत काम अडू नये म्हणून पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या फुकट सॉफ्टवेअरमधून तुम्ही वापरत नाही अशा एखाद्या कीवर डी टाकून घ्या, उजवा ऑल्ट वगैरे, हलन्त तिथून येईल.

पंचवटी_टायपिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही कामं केली.

कीबोर्डचं आधी सांगते. टोपी खालच्या बाजूने निघाली, हात थरथरत होते. आत खारीचा चुरा होताच पण तो घुमटीच्या बाजूला होता, खरी गोष्ट वेगळी निघाली. कात्रीच्या आतल्या चौकटीचा उजवा कान खोबणीतून सुटला होता, म्हणून टोपी तिरकी बसायची आणि घुमटीच्या मध्यावर जोरच पडत नव्हता. म्हणूनच कोपऱ्यात दाबलं की लागायचं! पेनाच्या टोकाने घुमटी दाबली आणि डी लगेच उमटली, तेव्हाच जीव भांड्यात पडला. कान मोडलेला नव्हता, चिमट्याने परत खोबणीत बसवला, टोपी वर ठेवून चारी बाजूंनी दाबली, दोनदा टक असा आवाज आला. लगेच नोटपॅड उघडून 'प्रश्न, अर्ज, स्वाक्षरी, नोंदणीकृत' लिहून बघितलं, सगळे पाय मोडले नीट.

चावीत टिक आवाज होता, म्हणजे टॅक्ट स्विच. मुलाने तिरपे पाय धरून मोजलं, अनलॉक लगेच वाजला, लॉक जोरात दाबल्यावर वाजायचा आणि मधेच तुटायचा. अल्कोहोलने बरंच सुधारलं पण दहात दोनदा अजून चुकतं. स्विच बदलायचाच झाला तर कोणाकडून करून घेऊ?

अंबड_पॅनल

छान केलंत ताई. उरलेलं काम पाच मिनिटांचं आहे, पण डाग (सोल्डर) देता येत नाही तर स्वतः नका करू, जास्त तापलं की बोर्डावरची पट्टी उचलून येते आणि मग खरंच चावी जाते. मोबाइल रिपेअरवाल्याकडे जा, चावीवाल्यापेक्षा त्याच्याकडे गरम हवेची गन आणि बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न असतं. एमजी रोडला असे बरेच बसतात. तसाच स्विच मिळाला नाही तर त्याला सांगा की डिकीचं बटण तुम्ही वापरत नसाल तर तिथला स्विच काढून लॉकच्या जागी लाव, दोन्ही एकाच मापाचे असतात बहुतेक वेळा. समोर बसून करून घ्या.

आणि कोणी चावीचं बाहेरचं कव्हर बदलायला सांगितलं तर एक लक्षात ठेवा, इंजिन सुरू करणारी इमोबिलायझरची चिप वेगळी असते. काही चाव्यांत ती बोर्डावरच असते पण काहींत काळ्या दाण्यासारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी कव्हरच्या खोबणीत बसवलेली असते. तिला सेल लागत नाही म्हणून लोकांना ती दिसतच नाही. माझ्या मेहुण्याने जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं, दार उघडायचं पण इंजिन सुरू होईना, संध्याकाळी कचऱ्याची पिशवी उलटी करून शोधली.

त्र्यंबकरोड_भटक्या

मधेच विचारतो, शनिवारी त्र्यंबकच्या बाजूला पावसात चावी खिशात भिजली, आता कुठलंच बटण लागत नाही. तांदळात ठेवलीये दोन दिवस.

अंबड_पॅनल

तांदळातून काढा आणि सेल अजून आत असेल तर आत्ताच्या आत्ता काढा. नुसत्या पाण्याने फार बिघडत नाही, पाणी अधिक सेलचा करंट यामुळे तांबं हिरवं पडत जातं आणि तांदळात ते थांबत नाही. उघडून बोर्ड अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने धुवा, सेलच्या पत्र्याच्या पट्ट्यांखाली खास, तिथेच हिरवं साचतं. पंख्याखाली एक दिवस. मग नवा सेल, पण जुन्यावरचा नंबर बघून, सीआर २०३२ हा ३.२ मिलिमीटर जाड असतो आणि सीआर २०२५ हा २.५, व्यास दोघांचा २० मिलिमीटरच, त्यामुळे जाडाच्या जागी पातळ बसतो खरा पण नीट टेकत नाही.

काठेगल्ली_जुनारिमोट

घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर ठेवू नका कोणी, ही कळकळीची विनंती. गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, सेल 'संपलेला' असला तरी. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघू नका, उलटी करवू नका, सरळ हॉस्पिटल. आमच्याकडे नातू आहे म्हणून मी काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून डबीत टाकतो.

पंचवटी_टायपिंग

काका, तुमचं वाचून आत्ता उठून ड्रॉवरमधला जुना सेल शोधला, चिकटपट्टी लावली. चावी उद्या एमजी रोडला नेते, डिकीचं बटण आम्ही वापरतच नाही.