‘पुश-ऑफ’ : धक्का की रेटा?

प्रश्न : बर्फावरील स्पीड स्केटिंगच्या जैवयांत्रिकीवरील (म्हणजे शरीराच्या हालचालींमागील बलांच्या अभ्यासावरील) एका लेखाचा अनुवाद करताना माझे काम ‘पुश-ऑफ’ या संज्ञेवर अडले आहे. स्केटर ज्या पायावर सरकत असतो त्याच पायाने बर्फावर जोर देऊन दुसऱ्या पायावर जातो, त्या क्रियेची ही संज्ञा आहे. सध्या मी ‘स्केटर पायाने बर्फाला मागे धक्का देतो’ असे लिहिले आहे. पण ते खटकते आणि का खटकते हे सांगता येत नाही. शिवाय ‘जैवयांत्रिकी’ लिहावे की ‘जीवयांत्रिकी’?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जैवतंत्रज्ञान आणि जीवरसायनशास्त्र हे दोन्ही शब्द मराठीत नांदत असल्यामुळे दोहोंपैकी कोणताही पर्याय निवडावा आणि लेखभर तोच ठेवावा.

आपल्या वाक्यात मात्र दोन दोष आहेत, आणि त्यांतला ‘मागे’ हा अधिक गंभीर. धावपटूचे पाऊल जमिनीवर क्षणभर स्थिर असते, म्हणून त्याला जमीन मागे ढकलता येते. स्केटरच्या बुटाखालचे पाते स्वतःच पुढे धावत असते. २०१९मध्ये सॉल्ट लेक सिटीत रशियन स्केटर पावेल कुलिझ्निकोव्हने ५०० मीटर ३३.६१ सेकंदांत पार केले, म्हणजे सरासरी ताशी साडेत्रेपन्न किलोमीटर. या वेगाला पाय तितक्याच वेगाने मागे नेऊन जोर देणे कोणाला जमणार? पात्याच्या लांबीच्या दिशेने घर्षण नगण्य असते, पात्याची कड बर्फात रुतून आधार मिळतो तो केवळ पात्याच्या काटकोनात. त्यामुळे जोर कडेला दिला जातो, आणि पाते मार्गाशी किंचित तिरके असल्याने त्याच जोराचा काही भाग शरीराला पुढे नेतो. स्केटरची वाट नागमोडी दिसते ती यामुळेच.

दुसरा दोष ‘धक्का’. या शब्दात आकस्मिकपणा आहे: विजेचा धक्का, भूकंपाचा धक्का. ‘रेटा’ टिकून राहतो: गर्दीचा रेटा, कामाचा रेटा. स्केटर गुडघा खोल वाकवून, धड जवळजवळ आडवे ठेवून सरकतो आणि मग नितंब व गुडघा ताणत जोर वाढवत नेतो. बल जितक्या अंतरभर लावले जाईल तितके कार्य अधिक होते. म्हणून येथे ‘आडवा रेटा’ म्हणावे असे माझे मत आहे.

शंका : बंद पडलेल्या गाडीला आपण रेटा देत नाही, धक्काच मारतो, आणि तोही चांगला शंभर पावले. मग टिकाऊपणाचा हा निकष कितपत खरा?

उत्तर : हरकत रास्त आहे आणि तो रूढ प्रयोग मी चुकीचा ठरवणार नाही. तरीही गाडी सुरू झाल्याचे ऐकून कोणी ‘धक्का बसला’ म्हणत नाही, आणि स्केटिंगच्या वर्णनात मात्र ‘धक्का बसून’ असे लिहिले की वाचकाला पडण्याचाच भास होतो. (‘घसरणे’ हे क्रियापदही याच कारणाने टाळावे, मराठीत जो घसरतो तो पडतो. ‘सरकणे’ बरे.)

रेट्याचा कालावधी किती मोलाचा आहे हे क्लॅप स्केटवरून कळते. जुन्या स्केटचे पाते टाचेलाही पक्के जोडलेले असे. शेवटी चवड्यावर जोर दिला तर पात्याचे टोक बर्फात खुपसे, म्हणून गुडघा पुरता सरळ होण्याआधीच पाय उचलावा लागे. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील खेरिट यान व्हॅन इंगेन स्केनाऊ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकात चवड्याखाली बिजागरी असलेला हा क्लॅप स्केट विकसित केला. त्यात टाच उचलली जाते, तरी पाते बर्फावर टेकून राहते आणि रेटा अधिक काळ चालू राहतो. १९९८च्या नागानो ऑलिंपिकपर्यंत तो सर्वत्र रुजला होता.

आणखी एक मत : मग ‘क्लॅप’चे काय? स्प्रिंगने पाते टाचेवर परत आपटते त्या आवाजावरून डच भाषेत हे नाव पडले. ‘टाळी स्केट’ म्हटले तर हसू येईल, आणि ‘खटका’ म्हटले तर बंदूक आठवेल. मी ‘बिजागरीचा स्केट’ सुचवतो. आवाज हरवतो, पण रचना कळते.

प्रश्नकर्त्याकडून : आभारी आहे. वाक्य आता असे केले आहे: ‘स्केटर सरकत्या पायाने बर्फावर आडवा रेटा देतो, आणि बिजागरीच्या स्केटमुळे तो रेटा टाच उचलल्यानंतरही चालू राहतो.’ ‘बर्फाला’ऐवजी ‘बर्फावर’ केले आहे, कारण बर्फ जागचा हलत नाही, स्केटर हलतो.